देवावर हवाला, हातात वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. मंडळात माझे काम सतरंज्या घालण्याचे आणि भिशीची वही लिहिण्याचे. पण यंदा "मुलीच्या दत्तकाची हकीकत सांगा" असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. घरी मुलीला विचारले. ती म्हणाली, "सांग, पण मी पहिल्या रात्री रडले ते सांगू नकोस." तेवढे वगळून बाकीचे सांगते.

आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती. दवाखाने झाले, वणीच्या देवीच्या पायऱ्या चढून झाल्या. दत्तकाचा विचार पक्का झाला तेव्हा पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला, "किती लाख लागतात?" एका गृहस्थाने तर "ओळखीतून" दीड लाखात मूल मिळवून देण्याची तयारी दाखवली. भगिनींनो, त्याला दत्तक म्हणत नाहीत. मूल विकणे व विकत घेणे हा गुन्हा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. आम्ही 2017 साली केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे सरळ नाव नोंदवले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे गृहभेट व अहवालाचे 6,000 रुपये, बाळाच्या संगोपन निधीचे 40,000, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षांत चार भेटी, प्रत्येकीचे 2,000. वहीत बेरीज मांडली: 54,000.

रक्कम पाहून तुम्ही म्हणाल, एवढेच ना? पण काळजी या रकमेची नव्हतीच. 2014 च्या गारपिटीत आमची दोन एकर द्राक्षबाग झोपली होती, ती पुन्हा उभी करताना सोसायटीचे कर्ज डोक्यावर बसले होते. आधीच देणे असलेल्या घरात आणखी एक तोंड आणायचे, आणि तेही दुसऱ्याच्या पोटचे, त्याला उद्या शाळा, परवा कॉलेज! रात्र रात्र हे आकडे माझ्या डोळ्यांपुढे नाचत.

गृहभेटीच्या आदल्या दिवशी घरात वाद झाला. यजमानांचे म्हणणे, कर्जाचा विषय आपण होऊन काढू नये. मलाही क्षणभर तसेच वाटले. मग देवघरात दिवा लावताना मनाशी लाज वाटली. देवाकडे मूल मागायचे आणि त्याच मुलासाठी पहिलेच पाऊल खोट्यावर टाकायचे? दुसऱ्या दिवशी मी कर्जाचे कागद स्वतः बाईंपुढे ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि विचारले, "हप्ते थकलेत का?" थकले नव्हते. "मग झाले तर," म्हणाल्या, "कर्ज नसलेला शेतकरी मला या तालुक्यात अजून भेटायचा आहे." देवावर हवाला ठेवणे म्हणजे हिशेब न करणे, असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला. हिशेब पुरा करायचा, उघडा ठेवायचा, आणि तो जुळत नसला तरी पुढे पाऊल टाकायचे, एवढे मला उमगले.

मग वाट पाहणे. जवळजवळ दोन वर्षे. आणि संदेश आला तो नेमका डिसेंबर 2018 मध्ये! त्या महिन्यात कांद्याचे काय झाले ते पिंपळगावात कुणाला सांगायला नको. आपल्याच निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे 1,064 रुपये आले आणि त्याने ते पंतप्रधानांना पाठवून दिले, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. आमची पट्टीही त्याच वळणाची होती. मुलीचा फोटो पाहून होय की नाही ते कळवायला 48 तास होते. यजमान अंगणात बसून राहिले. मी देवीला म्हटले, कांद्याचा भाव वाढू दे. (भाव वाढला असता तर शहरातल्या एखाद्या बाईने उलटी प्रार्थना केलीच असती; देवीने कुणाचे ऐकावे?) भाव वाढला नाही. आम्ही होय कळवले.

सासूबाईंनी रात्री पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. नातू हवा म्हणून वर्षानुवर्षे हळहळणाऱ्या सासूबाई! त्यांना दत्तक पसंत नाही असेच मी धरून चालले होते. तरी वीसएक हजार कमी पडत होते. भिशीचा नंबर त्या महिन्यात दुसऱ्या भगिनीचा होता. नंबर बदलायचा नाही हा नियम माझाच. त्यावरून मी दोघीतिघींना दुखावलेही होते. म्हणून मी तोंड उघडले नाही. तीच दुपारी घरी आली आणि म्हणाली, "वहीत खाडाखोड कर, मी सही करते." ती आज समोर बसली आहे. नाव घेतलेले तिला आवडणार नाही.

मूल आले, तशी भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली: सातबाऱ्यावर परक्याचे नाव लागणार का? तेव्हा मला दोन घरे आठवत. एक पंढरपूरचे. गंगाखेडची पोर जनी दामाशेटींच्या घरी वाढली. तिला आसरा मिळाला खरा, पण दळणकांडणासकट. दुसरे घर पुण्याचे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला, यशवंताला, पोटाशी धरले. 1887 साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस केले. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि घरात पैशाची तीव्र ओढाताण सुरू झाली. तरी यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मरण आले, तेव्हा रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर हा त्यांचाच मुलगा होता. मी भाऊबंदांना एवढेच सांगितले, आमची मुलगी जनीसारखी नव्हे, यशवंतासारखी राहील. कायद्यानेही दत्तक मुलाचा हक्क पोटच्या मुलाइतकाच आहे.

कर्ज फिटले का, असे तुम्ही विचाराल. नाही. दोन हप्ते बाकी आहेत. पाटल्याही अजून सोडवून आणायच्या आहेत, पण सासूबाई रिकामे हात नातीच्या गळ्यात टाकून बसलेल्या असतात आणि तो विषय काढू देत नाहीत.

हल्ली भिशीच्या वहीतले आकडे मुलगीच मांडते. गेल्या महिन्यात एकीच्या नावापुढे एक शून्य जास्त पडले होते. ते मी खोडले आहे. ज्यांच्या नावापुढे पडले होते त्यांनी कृपया आशा धरू नये.