कोरडी खुर्ची
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



सोसायटीचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. मी परदेशातली एक गोष्ट सांगतो. काळजी करू नका, फिरून आपल्याच टाकीपाशी येतो.

मागच्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे म्युनिचला गेलो होतो. तिथून रेल्वेने ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला गेलो. शहराच्या दक्षिणेला हेलब्रुन नावाचा राजवाडा आहे. तेव्हा तिथे आर्चबिशप हेच राज्यकर्ते असत. त्यांतल्या मार्कुस सिट्टिकुसने सान्तिनो सोलारी या वास्तुकाराकडून तो बांधून घेतला. १६१५ च्या सुमारास काम झालं. वाड्यात शयनगृहच नाही! दिवसा यायचं, मौज करायची आणि रात्री गावात परत.

मौज कसली, तर पाण्याची. बागेत कुठून कारंजं उडेल याचा नेम नाही. भिंतीतून, पायवाटेतून, हरणाच्या शिंगांतूनसुद्धा! एका गुहेत पाण्याच्या जोरावर पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो. दुसरीकडे पाण्याच्या धारेवर एक मुकुट वर चढतो आणि धार थांबली की खाली येतो. सत्तेचंही असंच, म्हणे. पुढे १७५२ मध्ये तिथे एक यांत्रिक नाट्यगृह उभं राहिलं. दोनशेच्या आसपास बाहुल्या, त्यात शहरातले सगळे कारागीर, आणि सगळं चालतं पाण्यावर. पंप नाही, जवळच्या टेकडीचे झरे आणि उतार, बस्स.

पण माझ्या मनात राहिलं ते दगडी टेबल. भोवती दगडी आसनं. गाइडने गुपचूप कळ फिरवली की आसनांतून पाणी उडतं आणि बसलेला खालून चिंब! यजमान बसलेला असताना पाहुण्यांनी उठायचं नाही, असा रिवाज. फक्त एका आसनाला भोक नाही. ते आर्चबिशपचं.

सगळे हसत होते. आमची ही माझ्या कानात म्हणाली, "सेक्रेटरीसाहेब, ती तुमची खुर्ची."

मी हसलो नाही.

जुन्यांना टंचाईचा तो उन्हाळा आठवत असेल. टँकर यायचा, आणि पाण्याचं वेळापत्रक मी करायचो. ए विंगला आधी, बी विंगला नंतर. मी राहतो ए विंगमध्ये. बी विंगची वेळ होईपर्यंत खालच्या टाकीने तळ गाठलेला असायचा. एके दिवशी बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन माझ्या दारात आल्या. "तुमच्याकडे आहे ना हो पाणी?" एवढंच म्हणाल्या. पिंप भरलेलं होतं. मी दोन बादल्या दिल्या, वर पोचवल्यासुद्धा. वेळापत्रक मात्र बदललं नाही. एक दिवसाआड विंगा बदलणं इतकं सोपं होतं, पण पावसाळा येईपर्यंत मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं, तर सुचवून घेतलं नाही.

आजी आता नाहीत. त्यांची नातवंडं समोर बसली आहेत. तेव्हा आज सगळ्यांसमक्ष बी विंगची माफी मागतो.

नव्या कमिटीला सल्ला एकच. कळ तुमच्या हातात आहे. आपली खुर्ची कोरडी नाही ना, हे आधी बघा. आपल्यावर पाणी उडालं की नियम आपोआप नीट होतात.

जेवणं खोळंबलीत, म्हणून थांबतो. पंगतीत आज पहिला मान बी विंगचा.