नजर सावकाश का सरकते?

आजपासून डॉक्टर म्हणवल्या जाणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

मेंदूवर संशोधन करायचे तर रुग्ण सोडून प्रयोगशाळाच गाठावी लागते, असे तुमच्यातल्या अनेकांना वाटते. मला ते मान्य नाही. दोन उदाहरणे देतो.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. नोशिर वाडिया लंडनहून न्यूरॉलॉजी शिकून मुंबईतच परतले. तोल जाणारे, झोकांड्या खाणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. केस पेपरवर ‘अटॅक्सिया’ लिहून पुढच्या खाटेकडे वळणे सोपे होते. वाडियांनी या रुग्णांचे डोळे पाहिले. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर क्षणात झेपावते. या रुग्णांतल्या काहींची नजर मात्र अगदी सावकाश सरकत होती. ही खूण पाहायला रुग्णासमोर धरलेली दोन बोटे पुरतात. अशी खूण दिसणाऱ्या नऊ कुटुंबांची नोंद वाडिया आणि त्यांचे सहलेखक स्वामी यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे 1996 मध्ये या आजारामागचे बाराव्या गुणसूत्रावरचे सदोष जनुक सापडले. आज या आजाराला आपण एससीए-2 म्हणतो, आणि क्यूबाच्या होल्गीन प्रांतातली कितीतरी घरे त्याने ग्रासली आहेत. जनुक सापडण्याआधी पंचवीस वर्षे मुंबईतल्या एका डॉक्टरने हा आजार वेगळा ओळखला होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसरे उदाहरण स्मृतिभ्रंशाचे. डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली. अक्षरओळख नसलेल्यांतही फरक दिसला, म्हणजे शाळेचे शिक्षण हे त्याचे एकमेव कारण नव्हे. अन्यत्रच्या काही अभ्यासांत मात्र असा फरक आढळला नाही, त्यामुळे प्रश्न अजून खुलाच आहे.

स्मृतिभ्रंश टाळण्याचे कामही रुग्णासमोरच होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये सांगितले, की स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के प्रमाण चौदा टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले आहे. रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे ही त्यातलीच. यातले एकही तुम्हाला नवखे नाही. चाळिशीतला माणूस बीपीची गोळी सोडतो तेव्हा हृदयाइतकाच त्याचा मेंदूही धोक्यात येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते तुम्ही सांगायचे आहे.

तुमच्यातले अनेक जण आता बाँडच्या सक्तीच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत जातील. कोणी सोलापूर जिल्ह्यात गेले, तर मराठी, कन्नड, तेलुगू सहज बोलणारी म्हातारी माणसे तुमच्यासमोर बसतील. सोबतच्या सुनेला विचारा, विसरणे कधी सुरू झाले? आजींना ऐकू नीट येते का? घरात कोणकोणत्या भाषा चालतात? उत्तरे तारीख घालून केस पेपरवर लिहून ठेवा.