फाइल लहान करा, पुरावा नको
(सारसोळे, नेरुळ येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्हिडिओची मोठी फाइल लहान करून डिस्कवर बसवणं हे काम आपण दुकानातल्या मुलावर सोपवून मोकळ्या होतो. तिथेच एखादीची केस कमजोर होते. म्हणून हा विषय आपणही समजून घ्यायला हवा.

हिशोब सोपा आहे. साध्या सीडीत ७०० एमबी मावतात, डीव्हीडीत ४.७ जीबी. सेकंदाला किती माहिती आणि एकूण किती वेळ, यांचा गुणाकार म्हणजे फाइलचा आकार. दोन तासांचा माहितीपट डीव्हीडीवर बसवायचा तर आवाजासकट सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात. सीडीवर जेमतेम पाऊण. हँडब्रेकसारखं मोफत सॉफ्टवेअर हे काम करून देतं. शिबिरात दाखवायच्या माहितीपटासाठी ते खुशाल वापरा.

पण फाइल लहान करताना बारीक तपशील टाकून दिले जातात. सुकवलेला बोंबील भिजवला म्हणून ताजा होत नाही, हे सारसोळ्याच्या बायकांना मी काय सांगावं! व्हिडिओचंही तसंच आहे.

माझ्याकडे आलेल्या एका बाईच्या नवऱ्याने तिला इमारतीच्या दारात मारलं होतं. कॅमेऱ्याचं रात्रभराचं चित्रण ७ जीबीच्या वर होतं. एका दुकानदाराने ते दाबून एका सीडीवर बसवलं आणि मूळ फाइल पुसून टाकली. सीडीत मारणारा दिसतो, त्याचा चेहरा ओळखू येत नाही. तोवर इमारतीच्या यंत्रात जुन्यावर नवं चित्रण चढलं होतं. तीच फाइल कापून दोन डीव्हीडींवर किंवा एका पेनड्राइव्हवर जशीच्या तशी मावली असती.

कायदाही लक्षात घ्या. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडींचा प्रश्न होता. मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. मात्र अर्जदारांनी प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून त्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेली आकड्या-अक्षरांची ओळख. फाइल जराही बदलली की ती ओळख बदलते. म्हणजे दाबलेली फाइल ही कायद्याच्या नजरेत वेगळीच फाइल.

तेव्हा चार गोष्टी पाळू या. घटना घडताच चित्रण जपून ठेवण्याची आणि त्याची प्रत व प्रमाणपत्र देण्याची मागणी लेखी करायची, पोच घ्यायची. मूळ फाइलला हात न लावता तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आपोआप लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. आणि बाईच्या अब्रूचा, घरातल्या मारहाणीचा व्हिडिओ दुकानाच्या संगणकावर चढवायचाच नाही. तिथे प्रत मागे राहिली तर ती कुठे जाईल, हे आपल्या हातात उरत नाही.

प्रत्येक मंडळातल्या दोघींनी तरी हे काम शिकून घ्यावं. अर्ज लिहायला आपण शिकलो, पंचनामा वाचायला शिकलो. हेही जमेल.