गुरुजींची बदली होते, शाळेचं शहाणपण कुठं जातं?



मी शाळा-महाविद्यालयांना सल्ला द्यायचं काम करते. शिक्षकांनी आपल्याजवळचं शहाणपण एकमेकांना कसं द्यावं, पालकांपर्यंत कसं पोचवावं आणि त्यासाठी फोन-संगणकाचा उपयोग कसा करून घ्यावा, हे मी सांगते. कागदावर या कामाला लांबलचक इंग्रजी नाव आहे. तुमच्या बचत गटात मात्र हेच काम बिननावाचं चालतं.

बघा, गटाची अध्यक्ष बदलते, सचिव बाळंतपणाला माहेरी जाते, तरी गट अडत नाही. कुणाची किती बचत, कुणाकडे किती कर्ज बाकी, मागच्या बैठकीत काय ठरलं, हे सगळं वहीत असतं. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र नियमित लेखे हे आहे, ते उगाच नाही. माणूस गेलं तरी माहिती गटात राहिली पाहिजे, हा त्याचा अर्थ.

आता गावातल्या शाळेकडे बघा. एका गुरुजींनी चार-पाच वर्षं जीव ओतून शिकवलं. कोणतं लेकरू वाचताना अडतं, कुणाला फळ्यावरचं नीट दिसत नाही, कोणत्या पोरीचं शिक्षण थांबवायचं घरात चाललंय, हे त्यांना तोंडपाठ असतं. मग त्यांची बदली होते. शाल-श्रीफळ होतं, फोटो होतो, आणि त्यांच्या डोक्यात होतं ते सगळं त्यांच्याबरोबर जातं. नवीन बाई येतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. तोवर लेकरांचं अर्धं वर्ष निघून जातं.

यंत्र आणलं म्हणजे हे आपोआप सुधारतं असं नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत लोकवर्गणीतून टॅब घेतलेले होते. चांगले होते, पण कपाटात पडून. का? तर त्यांचा पासवर्ड एकाच शिक्षकाला माहीत होता आणि त्यांची बदली झाली होती. गावानं पैसे जमवले, यंत्र आलं, पण पासवर्डाच्या चार अक्षरांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

आपल्या परभणी जिल्ह्यात याची खरी झळ कुणाला बसते? ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांना. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेतलेली जोडपी निघतात. गाडीत भांडी, सरपण, शेळी आणि त्यांच्यात बसलेलं लेकरू. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं. काही गावांत लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते, आजी-आजोबांजवळ ठेवायची सोय असेल तर तेही होतं. पण धाकट्याला सांभाळायला म्हणून थोरल्या पोरीला बरोबर नेलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अशा लेकरांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गावाकडच्या शाळेतून ते घ्यायचं आणि जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवायचं, म्हणजे लेकराला तिथं बसता येतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की, शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कुणी अडवलं तर शांतपणे हे सांगा.

पण कार्डामुळे लेकरू वर्गाच्या दारापर्यंत पोचतं. वर्गात गेल्यावर तिथल्या बाईंना काय कळतं? ही चौथीतली पोरगी जोडाक्षरं वाचते पण हातच्याच्या वजाबाकीत अडते, हे त्यांना कोण सांगणार? ते इकडच्या गुरुजींना माहीत असतं. ती अंधाराला भिते, डाव्या हातानं लिहिते, तिचा एक कान फुटलेला आहे, हे आईला माहीत असतं. दोन्ही माहित्या एका कागदावर आल्या तर तिकडच्या बाईंचा महिना वाचतो.

म्हणून मी शाळांना एक साधी गोष्ट सुचवते. स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक लेकराचं एक पान करा. त्यावर पाच गोष्टी लिहा. काय वाचता येतं, गणितात कुठपर्यंत आलंय, कशात अडतंय, कशात रमतं, तब्येतीचं काय सांभाळायचं. शेवटच्या दोन ओळी आईला विचारून लिहा. एक प्रत शाळेत ठेवा, एक लेकराच्या दप्तरात द्या, आणि पानाचा फोटो तिकडच्या मुख्याध्यापकांना फोनवर पाठवा. चैत्रात लेकरू परत येईल तेव्हा तिकडच्या बाईंनीही चार ओळी लिहून पाठवाव्यात. यात फोनचं काम किती? फोटो न्यायचं. खरं काम गुरुजींनी आणि आईनं शेजारी बसून केलेलं असतं.

आता फोनवरच्या गटांविषयी बोलू. २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हा राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला फोनवरून घरोघरी येत होती. ज्या घरी मोठा फोन होता, तिथं धडा पोचला. ज्या घरी एकच फोन होता आणि तो बापाच्या खिशात रानात जात होता, तिथं धडा रात्री पोचला, नाहीतर पोचलाच नाही. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, म्हणजे फोन नसलेल्या पण टीव्ही असलेल्या घरातल्या लेकरांना काहीतरी मिळालं. निरोप एकच असला तरी वाटा दोन-चार ठेवाव्या लागतात.

हे आपल्या कृषी विद्यापीठाकडूनही शिकता येतं. परभणीचं विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. खरिपाच्या आधी मे महिन्यात तिथं मेळावा भरतो, रब्बीचा मेळावा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. तुमच्यापैकी कितीतरी जणी बियाण्यासाठी तिथं रांगेत उभ्या राहिल्या असतील. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी 'शेतीभाती' मासिक आहे, ज्याला बघून शिकायचं त्याच्यासाठी कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि हल्ली शास्त्रज्ञ फोनवरच्या ऑनलाइन संवादातून शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. तुरीवरच्या अळीची माहिती एकच, पण ती वेगवेगळ्या वाटांनी येते. आणि संवादात शेतकरी विचारतो, तेव्हा शास्त्रज्ञालाही कळतं की रानात खरी अडचण काय आहे. शाळेच्या गटातही असंच दोन्हीकडून बोलणं झालं पाहिजे.

असं होतं, याची उदाहरणं आहेत. २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव माता गट झाले. पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या आया एकत्र बसायच्या, त्यांच्यातली एक पुढारी व्हायची, आणि घरातल्याच वस्तूंनी काय शिकवता येईल याचे छोटे व्हिडिओ फोनवर यायचे. भाज्या निवडता निवडता मोजणी, शेंगांचे लहान-मोठे ढीग, भांड्यांची क्रमवारी. ज्या बाईकडे मोठा फोन होता तिनं इतर चौघींना दाखवायचं. म्हणजे फोन एक, पण शिकणाऱ्या पाच जणी.

शिक्षकांमध्येही असं घडलंय. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं जिल्हा परिषद शाळांनी शिकवायची पद्धत बदलली, तेव्हा राज्यभरातले शिक्षक तिथं जाऊन बसले, बघितलं आणि आपापल्या गावी तसं करून पाहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. आज बालभारतीच्या पुस्तकांवर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो, तो फोननं टिपला की दीक्षा ॲपवर धडा उघडतो. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. एकानं करून पाहिलेलं दहांच्या उपयोगी पडावं, ही वृत्ती असली की यंत्र कामाला येतं.

मग आपल्या शाळेत आपण काय करायचं? कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असतात. म्हणजे हे ठरवायला तुम्ही तिथं आहातच. सही करून चहा घेऊन उठू नका. पुढच्या बैठकीत चार गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट, नवीन काही घ्यायच्या आधी ते वापरणाऱ्यांना विचारलंय का? किती घरांत फोन आहे, तो आईच्या हातात कधी येतो, रिचार्ज कोण करतं, हे घरोघर विचारून लिहा. फोन संध्याकाळी आठनंतरच मिळत असेल तर दुपारी बाराच्या निरोपाचा काय उपयोग?

दुसरी, गटावर उत्तर कोण देणार? सूचनांचा गट वेगळा आणि प्रश्नांचा वेगळा असावा. प्रश्न विचारला तर दोन दिवसांत उत्तर मिळेल असं ठरवा. लिहिता येत नसेल तर आवाज पाठवून आपल्या बोलीत विचारायची मोकळीक असू द्या. फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ यांच्या गर्दीत कामाचा निरोप हरवू देऊ नका.

तिसरी, गटावर आलेलं टिकणार कुठं? फोन भरतो, पडतो, बदलतो. म्हणून महिन्याच्या शेवटी कामाची प्रश्नोत्तरं, पासवर्ड, दुरुस्तीवाल्याचा नंबर आणि कोणता उपाय लागू पडला, हे एका जाड वहीत उतरवा. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राहू द्या. बदलीच्या दिवशी जुन्या आणि नव्या शिक्षकांनी ती वही समोर ठेवून तासभर बसावं, असा ठराव करा.

चौथी गोष्ट लेकींच्या आयांसाठी. गटावर पोरींचे फोटो, आपले नंबर, घरचे कागद कुणी टाकायचे आणि कुणी बघायचे? २०२३ च्या कायद्यानं मुलांची माहिती डिजिटल साधनांवर वापरायला पालकांची संमती आवश्यक केली आहे. नको वाटलं तर नको म्हणा, त्यात उद्धटपणा नाही. लेकराच्या त्या पानावरचा दुखण्याचा मजकूरही गटावर टाकायचा नसतो, तो फक्त तिकडच्या शिक्षकांनाच पाठवायचा.

कुणी म्हणेल, आम्हाला फोनमधलं काही कळत नाही, आम्ही काय सल्ला देणार? फोनमधलं सांगायला माणसं पुष्कळ मिळतात. कोणत्या घरात पोरगी भाकरी थापत अभ्यास करते, कोणत्या वस्तीवर रेंज येत नाही, पुढच्या महिन्यात कोणती घरं कोयत्यावर निघणार, हे गावात फक्त तुम्हाला माहीत असतं. शाळेला ते सांगणारं दुसरं कुणी नाही.

गाड्या निघायला अवकाश असेल तोवर एक बैठक घ्या. ज्या घरांची उचल झालीय त्यांच्या लेकरांची यादी करा आणि गुरुजींजवळ बसून एकेकाचं पान लिहून घ्या. शिक्षण हमी कार्ड त्याच दिवशी मागून घ्या. गटाच्या इतिवृत्तात नोंद करा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणती पानं परत आली आणि कोणती नाही, हे बघता येईल. जे पान परत आलं नसेल, त्या लेकराची चौकशी सगळ्यात आधी करा.