पाण्याचा संगणक आणि वर्ध्याचा मे महिना

संगणकाच्या मेंदूला प्रोसेसर म्हणतात, हे आता शाळकरी पोरही सांगेल. या मेंदूच्या कामाला एक ताल असतो. कंपनीने ठरवून दिलेल्या तालापेक्षा जलद त्याला पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३०० ए बाजारात आला. होता ३०० मेगाहर्ट्झचा, पण शौकीन मंडळींनी तो ४५० वर नेला आणि त्यांतले पुष्कळ प्रोसेसर बिनतक्रार चालले. स्वस्तातल्या मालातून दीडपट काम! या नादाची चटक लागली ती अशी. २०२२ मध्ये काही जणांनी द्रवरूप हेलियम ओतून एका प्रोसेसरला ९ गिगाहर्ट्झच्या पलीकडे पळवले. पण तो विक्रम काही क्षणांचा. तेवढ्यात कुणाच्या लग्नाची फिल्म तयार होत नाही.

लग्नाचे नाव काढले, कारण माझा भाचा वर्ध्यात लग्नाच्या फिल्मा जुळवून देतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि नेमका तोच त्याचा हंगाम. चार दिवस मशीन बंद पडली तर घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी लागते. नव्या मशीनचे पैसे त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, भिशीतले. तो म्हणाला, "मामू, पाण्यानं गार होणारी मशीन बांधतो अन् प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतो. कोणता घेऊ?" मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण भिशीचा पैसा म्हटल्यावर समजून घेणे भागच होते.

पहिली गोष्ट कळली ती उष्णतेच्या हिशेबाची. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा, वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केले, तर काम फार तर १० टक्के वाढेल, उष्णता मात्र सुमारे ३९ टक्के. कवितेतही ओळीत जादा मात्रा कोंबल्या की ती धावत नाही, धापा टाकते. असो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. पाणी म्हटले की आपल्याला कूलर आठवतो. कूलरच्या ताट्यांमधून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते. म्हणून बाहेर ४५ अंश असले तरी कूलरची हवा सहज दहा-बारा अंशांनी उतरते. माठाचेही तेच. संगणकाच्या नळ्यांतले पाणी मात्र बंदिस्त असते, त्याची वाफ होत नाही. ते प्रोसेसरची उष्णता उचलते आणि पंखे लावलेल्या रेडिएटरपर्यंत वाहून नेते. ते नुसते हमाल आहे, गारवा तयार करणे त्याच्या हातात नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर ते पाणी ४२ च्या खाली उतरणार नाही. आता प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश धरा. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत हाताशी ७० अंशांची जागा असते, आपल्याकडे ५३ उरते. म्हणजे पाव भाग हवेतच गेला. परदेशातल्या थंड खोलीत घेतलेली मापे पाहून इथे खरेदी करू नये ती यासाठी.

मग निवडायचा कोणता? इंटेलमध्ये ज्याच्या नावापुढे 'के' हे अक्षर असते तोच वाढवता येतो, आणि त्यासाठी 'झेड' मालिकेचा, म्हणजे महागडा, मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात आणि 'बी' मालिकेच्या मदरबोर्डावरही चालतात. त्यातही एकाच नावाच्या दोन प्रोसेसरचा स्वभाव सारखा नसतो. कारंजा-आष्टीच्या बागेत एकाच झाडाची दोन संत्री तरी कुठे सारखी गोड निघतात? शिवाय सेलेरॉनचे दिवस गेले. आजचा प्रोसेसर उष्णतेचा अंदाज घेत स्वतःच वेग चढवतो. कंपनीने आपल्यासाठी शिल्लक ठेवलेले असते ते फार थोडे. जादा व्होल्टेज काय करते हेही दिसून गेले आहे. आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये त्यामुळे बिघाड होतो, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

मोठ्या यंत्रांचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तेव्हा एकाच प्रोसेसरला जिवाच्या आकांताने पळवले नाही. इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर घेऊन पुष्कळांना एकत्र जुंपले. पुण्यातल्याच आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म'मध्ये गार करणारा द्रव थेट प्रोसेसरच्या अंगावरून फिरवला आहे, तोही उष्णता लवकर बाहेर काढण्यासाठीच.

भाच्याला मी हेच म्हटले : शौकासाठी करतोस तर जरूर कर, शौकाला भाव नसतो. पण भाकरी त्याच मशीनवर असेल तर जास्त कोअरचा, कमी वॅटचा रायझन घे आणि व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडे उतरवून बघ. रायझनमध्ये इको मोड नावाची सोय असते. वेग थोडा कमी होतो, उष्णता पुष्कळ. तो जरा हिरमुसला. मित्रांना आकडा दाखवायचा होता ना! पण घेतला तसलाच.

पाण्याचा हट्ट मात्र त्याने सोडला नाही, तेव्हा त्याविषयी दोन शब्द. बोअरचे पाणी नळ्यांत कधीही भरू नये. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो तो क्षार तिथेही धरेल. डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारे द्रावणच वापरावे. तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र जोडू नये. एक धातू दुसऱ्याला खातो. हिंगणघाटकडे जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी रेडिएटरच्या जाळीत अडकणारी रुई दर पंधरवड्याला झाडावी. आणि वीज गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालत राहते, पण खोलीतला कूलर बहुधा बंद पडतो. तेव्हा जड काम थांबवावे, ते पहाटेवर टाकावे. नवतपातसुद्धा पहाटे चारला खोली दुपारपेक्षा पुष्कळ निवलेली असते.