भाजल्या जखमेवर चांदी

नागापूर एमआयडीसीत वेल्डिंगची ठिणगी मनगटावर पडली, तर आधी वीस मिनिटं हात नळाखाली धरा. टूथपेस्ट अजिबात नको. पुढे डॉक्टर बऱ्याचदा एक पांढरं मलम देतात: सिल्व्हर सल्फाडायझिन. १९६०च्या दशकापासून ते वापरात आहे. त्यातल्या चांदीचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचं कामच बंद पाडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तर चांदीचे नॅनोकण जेलमध्ये मिसळले. २००९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कण! जेलमुळे जखम ओलसर राहते, पट्टी कमी चिकटते. पट्टी सोडताना डोळ्यांत पाणी आलेल्याला विचारा, हे केवढं मोठं सुख आहे! सल्फाची ॲलर्जी असेल, तर मात्र ते पांढरं मलम लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा.