पंचवीस वर्षांची मारुती आणि पंधरा लिटरचा खोका

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि आपले जीवन’. गेली बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. या विषयावर मी बोलले, तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल याची मला खात्री आहे. म्हणून कोणाला न विचारता विषय बदललाय. मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या अण्णांच्या जुन्या मारुती ८०० मध्ये सबवूफर बसवला, आणि त्याचा खोका माझ्या हातांनी केला. त्याची ही गोष्ट.

सबवूफर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला कळतं. रात्री अकराला चौकातून जाणारी, खिडक्यांची तावदानं थरथरवणारी गाडी. तसलं काही नाही. अण्णा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, सातारला एकटे राहतात. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, पोस्टातली नोकरी सांभाळून ते आळीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांचं ऐकणं फार कमी झालं. आधी टीव्ही मोठा झाला, मग फोनवर ‘काय? काय?’ सुरू झालं, आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की घरातला टेपही बंद आहे. विचारलं तर म्हणाले, “काही कळत नाही गं त्यातलं. नुसती कुजबुज वाटते.”

त्यांची कानाची तपासणी केली, तेव्हा तो आलेख मी नीट पाहिला. आलेख दिसला की आम्हा इंजिनियरांना राहवत नाही. वयामुळे कान जातात ते बहुतेक वेळा वरच्या पट्टीपासून. स, श, त, फ ही व्यंजनं उंच कंपनसंख्येत असतात, ती आधी जातात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. अण्णांचा आलेख दोन हजार हर्ट्झच्या पुढे कडा कोसळल्यासारखा खाली गेलेला होता. पण डावीकडे, खालच्या स्वरांकडे, तो बराच शाबूत होता. म्हणजे पखवाजाची डावी बाजू, धुमा, त्यांना ऐकू यायला हवी होती. ती का येत नव्हती?

कारण ते गाणी ऐकायचे ती गाडीत. घरातला टेप बंद केला तरी रविवारी ८०० काढून भाजी आणायला, देवळात, गावाबाहेर एक चक्कर, हा नेम चालू होता. आणि गाडीतले स्पीकर तळहाताएवढे. इतक्या छोट्या शंकूला खालचा स्वर वाजवण्याइतकी हवा हलवताच येत नाही. त्यात २००० सालची गाडी. तिचा टायरचा, इंजिनचा आवाज सगळा खालच्या पट्टीतला. जो काही थोडा धुमा येत असेल तोही त्यात बुडणार. वरचं कानांनी नेलं आणि खालचं गाडीनं, मधे उरली ती कुजबुज.

भाऊ म्हणत होता, गाडी यंदा पुन्हा पासिंगला आली आहे, या निमित्तानं भंगारात देऊन टाकू. त्याचंही चुकीचं नव्हतं. १९८३ साली सुरू झालेली ८०० कंपनीनं २०१४ मध्ये बंद केली, तिच्यावर किती खर्च करायचा? मी म्हटलं, एक उन्हाळा थांब.

आता थोडा हिशेब. आपल्या विज्ञानाच्या सरांनी नादकाटा टेबलावर आपटून पाण्याच्या पेल्यात बुडवला होता, पहिल्या बाकावरच्यांच्या तोंडावर पाणी उडालं होतं, ते आठवा. स्पीकरचा शंकू मागे-पुढे होतो, तेव्हा पुढे हवा दाबली जाते त्याच क्षणी मागे विरळ होते. दोन्ही एकत्र आले की खालचा स्वर एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणून मागची बाजू बंद करायची, त्यासाठी खोका. पण कोंडलेली हवा ही एक स्प्रिंगच असते. खोका लहान तेवढी स्प्रिंग ताठ, आणि वूफरचा स्वतःचा स्वर तेवढा वर चढतो. एडगर विल्चर नावाच्या अमेरिकन माणसानं १९५४ मध्ये ही कोंडलेली हवा मुद्दाम स्प्रिंग म्हणून वापरली आणि पुस्तकाच्या कपाटात मावेल एवढ्या खोक्यातून बास काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या थील आणि स्मॉल या दोघांनी त्याचं गणित इतकं सोपं करून ठेवलं की वूफरबरोबर येणाऱ्या कागदावरचे तीन आकडे घेऊन कोणीही खोक्याचं माप काढू शकतं.

माझा वूफर आठ इंची. मोकळ्या हवेत त्याचा स्वर ३८ हर्ट्झ. त्याच्या सस्पेन्शनइतकीच ताठ असलेली हवा म्हणजे २० लिटर. आणि त्याचा ‘क्यू’, म्हणजे हलवून सोडल्यावर तो किती वेळ डुलत राहतो त्याचं माप, ०.४५. खोक्यात घातल्यावर हा क्यू ०.७ च्या आसपास आला की आवाज सपाट राहतो, एकच सूर घुमत नाही. गणितानं उत्तर आलं साडेतेरा लिटर, आणि खोक्यातला स्वर ६० हर्ट्झ. वूफरचा लोहचुंबक आणि सांगाडा आतली लिटरभर जागा खातो, तेव्हा पंधरा लिटर धरा.

हे मी अण्णांना पाटीवर लिहून दाखवत होते. आमचं बोलणं हल्ली पाटीवरच चालतं. स्वर खाली आणायचा तर शंकू जड लागतो, असं लिहिलं तर त्यांनी खडू घेतला आणि खाली लिहिलं, “कणीक.” पखवाजाच्या धुम्याला ओली कणीक थापतात ना, स्वर खाली उतरावा म्हणून! जड केलं की पडदा सावकाश हलतो. मला हे समजायला इंजिनियरिंगची चार वर्षं लागली होती.

६० हर्ट्झच्या खाली बंद खोक्याचा आवाज झपाट्यानं उतरतो. पण इथे लहान गाडी आपल्या बाजूनं उभी राहते. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर, आणि ८०० साधारण ३.३ मीटर लांब, म्हणजे लहर गाडीच्या दुप्पट. एवढी लहर त्या डबीत मावतच नाही. आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सुटते. त्यामुळे खोका जिथे खाली यायला लागतो, तिथेच गाडी उचलून धरायला लागते. जुन्या गाडीच्या फटींतून थोडं गळतं, तरी पुष्कळ मिळतं.

आता सुतारकाम. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून तक्रार करत नाही, नुसती नोंद करते. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना करवत आणि रंधा मिळायचा आणि आम्हाला रुमालाच्या कडा. माझी टीप अजून सरळ येते, बाई. पण त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी करवत हातात धरली नव्हती.

डिकीत मागच्या सीटची पाठ तिरकी असते, म्हणून खोकाही तिरका केला: रुंदी ४० सेंटिमीटर, उंची २५, खोली खाली १९ आणि वर ११. सरासरी पंधरा, गुणाकार बरोबर पंधरा लिटर. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला, कारण जुन्या डिकीत पावसाळ्यात पाणी येतं आणि एमडीएफ पाण्यानं फुगतो. कापला, फेविकॉल लावला, स्क्रू मारले. दोन दिवसांनी वूफर बसवायला गेले तर तो बसेना. लोहचुंबक मागच्या तिरक्या फळीला टेकत होता. पुन्हा मोजलं, पुन्हा गुणलं, गणित बरोबर.

शेवटी आपल्या ‘ब’ तुकडीतल्या एकाला फोन केला. नाव घेत नाही, त्यानंच बजावलंय. त्याचं आता फर्निचरचं दुकान आहे. मी मॉनिटर होते तेव्हा दंगा करणाऱ्यांच्या यादीत फळ्यावर पहिलं नाव मी त्याचंच लिहायची, कधीकधी तो गप्प बसलेला असला तरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मॉनिटर, मापं आतली की बाहेरची?”

बाहेरची. सगळी. फळीची जाडी दोन्ही बाजूंनी मी धरलीच नव्हती. पंधरा लिटरच्या जागी नऊच्या आसपास उरले होते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या काठावरच्या चुका शोधणारी बाई! दुसऱ्या दिवशी तो स्वतः सातारला आला, येताना प्लाय कापून घेऊन आला आणि पैसे घेतले नाहीत. मी फळ्याची गोष्ट काढली, तर म्हणाला, “अगं, निदान नाव तरी लिहायचीस बरोबर. बाकीचे ऱ्हस्व-दीर्घ चुकवायचे.” मला माफी मागायची होती ती तशीच राहिली. आज मागते.

पुढचं भराभर सांगते. सांधे आतून सिलिकॉननं बंद केले, ते पूर्ण वाळेपर्यंत वूफर लावला नाही. मग अगदी खालचा स्वर वाजवत प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती फिरवली. एका कोपऱ्यात धूर थरथरला, तिथे परत सिलिकॉन. जुन्या उशीतला पॉलिस्टरचा कापूस आत भरला. शंभर वॉटचा अँप्लिफायर लावला, तो पूर्ण ताकदीनं वाजला तरी दोन हेडलाइट मिळून घेतात साधारण तेवढाच करंट घेतो, त्यामुळे छोट्या बॅटरीची काळजी नको. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ. वायर वाटेत कुठे घासली तर गाडी पेटू नये म्हणून. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा केला. खोका पट्ट्यांनी बांधून टाकला, नाहीतर जोराचा ब्रेक लागला की तो पुढच्यांच्या डोक्यात. आणि सगळ्यात जास्त वेळ कशानं खाल्ला असेल, तर खडखडाटानं. पंचवीस वर्षांच्या गाडीतला प्रत्येक पत्रा आपापल्या सुरात बोलायला लागला. डिकीच्या झाकणात, दारांत बुटाइलचे पट्टे चिकटवता चिकटवता पाच रविवार गेले.

खर्च सांगत नाही, आमचे हे सभागृहात आहेत.

पहिल्यांदा लावलं ते अण्णांच्या मंडळाचंच भजन. नव्वदच्या दशकातली कॅसेट होती, मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. त्यांना काही सांगितलं नाही. गावाबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर आवाज सुरू केला, फार मोठा नाही. उरलेला कान जपायचा होता. बराच वेळ ते समोर बघत होते. मग त्यांचा डावा हात मांडीवर पडायला लागला. मी गाडी बाजूला घेतली.

कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “पखवाजवाला घाई करतोय.” थोडं पुढे गेल्यावर परत ऐकलं आणि म्हणाले, “मीच आहे की हा.”

शब्द त्यांना अजून कळत नाहीत. त्यासाठी श्रवणयंत्र आहे, ते लावायला सांगितलं की बहुतेक वेळा कपाटात सापडतं. खोका त्यावरचा उपाय नाही, हे मी भावालाही सांगितलं. त्यानं पासिंगचे पैसे निम्मे दिले.

गाडी आज बाहेर मैदानात उभी आहे, चिंचेखाली. अण्णा तिच्यातच बसलेत, भाषणं ऐकू येत नाहीत म्हणून आत आले नाहीत. जेवणानंतर ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी या. सर, तुम्ही पुढच्या सीटवर बसा. आणि नंबरप्लेटचा एक स्क्रू अजून वाजतो, तो कोणी ऐकला तर मला सांगू नका.